मायची ओळ

वाटीवर चमचा वाजला. टण्. थोडं थांबून पुन्हा, टण्.

वीज गेली होती, त्यामुळे पंखा बंद, फ्रीज बंद. दुपारचं घर अगदी मिटून बसलेलं. सम्यका शाळेतून येऊन, जेवून फरशीवर लोळत होती. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. चमचा वाजला की समजायचं, माय बोलवते आहे. मी गेले. तिच्या डाव्या हातात चमचा, मांडीवर रिकामी वाटी. उजवा हात उशीवर पडलेला, कोणी ठेवून विसरून गेल्यासारखा.

"काय व माय? पाणी?"

"हाव."

पाणी दिलं. तिनं तोंड फिरवलं.

"उकडून राहिलं का? लाइन गेली ना. खिडकी उघडू?"

"हाव."

खिडकी उघडली. तिच्या कपाळावरच्या आठ्या तशाच. "अरे बाप्पा," ती म्हणाली.

"पाय दुखते? बाथरूमले जायचं? दादाले फोन लावू?"

"हाव. हाव. अरे बाप्पा!"

सम्यका उठून आली. "आजी, तू बोट दाखव ना, मी आणून देतो." मायनं बोट उचललं. आधी छताकडे, मग माझ्याकडे, मग ते नुसतंच हवेत राहिलं. शेवटी तिनं नातीच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. त्या दुपारी तिला काय हवं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

माझी माय पंचफुलाबाई. अकोल्याला जिनिंगमध्ये कापूस निवडायची आणि संध्याकाळी भीमगीतांच्या महिला मंडळात गायची. यंत्रांच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळे तिला माइक लागत नसे. धम्मचक्र दिनाच्या कार्यक्रमाची तालीम चालू असतानाच तिला लकवा मारला. पाय हळूहळू सुधारला. हात राहिला. आणि बोलणं गेलं. आपण म्हणतो ते सगळं तिला समजायचं, पण स्वतःचं म्हणून दोनच शब्द उरले, 'हाव' आणि 'अरे बाप्पा'. त्या दोन शब्दांत तिनं सगळा संसार कोंबला होता.

उपचार अमरावतीत चांगला म्हणून मी तिला माझ्याकडे आणलं. वाचा-उपचार करणाऱ्या रश्मी मॅडम माझ्याच वयाच्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना मोठ्या उमेदीनं सांगितलं, "मॅडम, माय बोलत नाही, पण गाते! पूर्ण गाणं म्हणते, शब्दानिशी." आणि मी नुसती सुरुवात करून दिली, तर मायनं चारही कडवी म्हटली. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. दवाखान्यातला शिपाई दारात येऊन उभा राहिला.

रश्मी मॅडम हसल्या, पण फार नाही. "ताई, आयुष्यभर म्हटलेलं गाणं मेंदूत अख्खंच्या अख्खं बसलेलं असतं. ते अख्खंच बाहेर येतं. त्यातला एक शब्द सुटा काढून वापरता येतो का, ते बघू." त्यांनी मायसमोर पाण्याचा ग्लास धरला. त्या गाण्यात पाण्याचं नाव किती वेळा येतं! मायनं ग्लासकडे पाहिलं, ओठ हलवले, मान हलवली, आणि म्हणाली, "हाव."

गाण्यातलं पाणी पिता येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं.

"नवं काही शिकवा," मॅडम म्हणाल्या. "छोटं. सुरात चालेल. पण तुमच्यामागं म्हणणं नको, मागं म्हणणं म्हणजे नक्कल. त्यांनी स्वतःहून उचललेली एक ओळ हवी. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी परत तपासू. निघाली तर पुढं जाऊ. नाही तर बोलण्याचा नाद सोडून चित्रांच्या कार्डांवर जायचं. खोटी आशा मी देत नाही."

म्हणजे एका ओळीचा प्रश्न होता.

मी अंगाईची ओळ शिकवून पाहिली, भाजीवाल्याची हाळी शिकवून पाहिली. मराठी शब्द आला की माय त्याचा अर्थ धरायला जायची, अर्थ सापडला की शब्द निसटायचा, आणि मग ती चिडून वाटी फेकायची. एकदा वाटी सम्यकाच्या पायाला लागली. पोर रडली नाही, पण माय रडली.

आमच्या मागच्या गल्लीत जयवंताबाई राहतात. मिशनच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर गाणं शिकवलं. कान आता कमी झाले आहेत, पेटी मात्र रोज वाजते. मी एकदा त्यांच्या अंगणाच्या भिंतीशी उभी राहून त्यांच्यापाशी रडले, तेव्हा त्या आत गेल्या आणि एक फाटकं, पिवळं पडलेलं पुस्तक घेऊन आल्या. त्या पोरवयात वसतिगृहात होत्या, तेव्हा एका जर्मन सिस्टरनं त्यांना यातूनच दोन आवाजांत गायला शिकवलं होतं. सरावाचे तुकडे. प्रत्येक तुकड्यात एक ओळ वरच्या आवाजाची, एक खालच्या.

"पण बाई, हे तर जर्मन!"

"मंग? ज्या शब्दाचा अर्थच माहीत नाही, त्याले भ्यायचं काहून? तुई माय अर्थाले भिऊन राहिली. हे घे, सगळ्यात सोपा. वरची म्हणते, 'दास ब्रोट इस्ट वार्म', आन 'वार्म'वर थांबून राहते. लांब. ती थांबली असतानाच खालची सुरू करते, 'दास वासर काल्ट'. खालचीले एकच सूर. हलायचंसुद्धा काम नाही."

"म्हणजे काय?"

"भाकर गरम हाय, पाणी गार हाय."

"एवढंच?"

"मंग तुले काय वाटलं, जर्मन लोक भाकर खात नाहीत?"

मी रश्मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या की कल्पना वाईट नाही. दोन आवाज एकाच वेळी वेगळं म्हणत असतील तर ती नक्कल होऊच शकत नाही. तुमची ओळ चालू असताना त्यांनी आपली सुरू केली, तर ती त्यांची.

तसं आमचं सुरू झालं. नवऱ्याचा, अनुपचा डबा गेला, सम्यका शाळेत गेली की धुणं भिजत टाकायचं आणि मायचा हात धरून मागच्या गल्लीत जायचं. जयवंताबाईंच्या पेटीचा एक स्वर दबलेला होता, तो ठोसा मारून उठवावा लागे. माय खुर्चीवर, मी तिच्यासमोर. पहिल्या दिवशी तिनं 'वासर' म्हटलं आणि स्वतःच दचकली. पुन्हा म्हटलं. मग हसली. कितीतरी दिवसांनी तिनं तोंड उघडून काढलेला तो तिसरा शब्द होता. घरी येऊन मी सम्यकाला सांगितलं, तर ती गोल गोल फिरत ओरडली, "आजीले वासरू पाहिजे! आजीले वासरू पाहिजे!" आणि माय हसून हसून खोकली.

पण मलाच जमेना. जयवंताबाई पेटी थांबवून माझ्यावर ओरडायच्या, "पायल! तू खाली काहून येऊन राहिली? तुह्या सुरावर राहा ना."

मी खाली का येते, ते मला माहीत होतं. मी मायच्या मंडळात झील धरून मोठी झाले. पुढं गाणारी माय, मागं आम्ही झीलकरी. झील धरायची म्हणजे पुढचीच्या पाठीकडे बघून तिचा श्वास ओळखायचा. ती चढली की चढायचं. ती चुकली तर तिच्यासोबत चुकायचं, म्हणजे चूक दिसत नाही. आणि तिचा दम संपला, तर कोणाला कळायच्या आत मागून तिची ओळ उचलायची. मंडळात याला 'उचल देणं' म्हणत. माय म्हणायची, "माही पायल उचल देते ना, तर मलेच समजत नाही का म्या थांबली का नाही." मला मिळालेली ती सगळ्यात मोठी शाबासकी. आता दोघींनी दोन वेगळं म्हणायचं आणि कोणी कोणाच्या मागं जायचं नाही, हे आमच्या रक्तातच नव्हतं.

"दोन बाया एका घरात दोन भाज्या करतात का नाही?" जयवंताबाई म्हणाल्या. "तसंच समज."

"आमच्याकडे एकच भाजी होते, बाई."

"मंग आता शिका."

शिकले. निदान मला तसं वाटलं. होळीच्या सुमारास एका सकाळी मी 'वार्म' धरलं, आणि मायच्या तोंडून आलं, 'दास वासर काल्ट'. सरळ, एका सुरात, जसं काही ती जर्मनीतच जन्मली होती. जयवंताबाईंनी पेटीवरचा हात उचलून दोन्ही तळवे छताकडे केले. "बसलं!" त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलं. तिसऱ्या दिवशीही.

एका सुट्टीच्या सकाळी मी अनुपला जयवंताबाईंकडे नेऊन फोनवर तुकडा रेकॉर्ड करायला लावला आणि दादाला, म्हणजे अकोल्याला माझ्या भावाला, धम्मदीपला पाठवला. त्यानं तो मंडळाच्या बायांना ऐकवला. रविवारी मंडळच गाडी करून अमरावतीला आलं. पार्बताबाई दारातूनच ओरडल्या, "जय भीम व पंचफुला! आता जर्मनीले चालली का काय आमाले सोडून? पासपोर्ट काढला का?"

"हाव!" माय म्हणाली, आणि सगळ्या बाया लोटपोट झाल्या.

"माही सासू जर्मन झाली, बायको जर्मन झाली," अनुप म्हणाला, "मले डब्यात भाकर भेटन का ब्रोट?"

त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या. पार्बताबाईंनी जाताना माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "आज जर्मन बोलली, उद्या वऱ्हाडी बोलन. पाहाय तू." मला ते पटलं होतं. मी मनात मायच्या शब्दांची रांगही लावून ठेवली होती. आधी पाणी, मग भूक, मग दुखते, मग नातीचं नाव समू, मग मी.

तपासणीच्या दिवशी मी मायला तिची हिरवी नऊवारी नेसवली. आम्ही ऑटोनं गेलो. जयवंताबाईंना म्हटलं होतं, चला. पण त्यांचे गुडघे. त्यामुळे पेटी नव्हती, नुसत्या आम्ही दोघी.

"म्हणा," रश्मी मॅडम म्हणाल्या. आम्ही म्हटलं. झालं! मी मॅडमकडे पाहिलं, शाळेतल्या पोरीसारखी.

त्या पुढे सरकल्या. "छान. आता एक करा. ताई, तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसा. आणि काही झालं तरी 'वार्म' सोडू नका. श्वास संपेपर्यंत."

मी खुर्ची फिरवली. समोर भिंत, भिंतीवर जिभेचं आणि गळ्याचं रंगीत चित्र. मी म्हटलं, 'दास ब्रोट इस्ट वार्म', आणि धरलं. मागं काही नाही. धरून ठेवलं. छाती दुखायला लागली. मागं काही नाही. माझा श्वास संपला.

"पुन्हा," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा. आणि पुन्हा. मागं खुर्ची करकरली, मायचा श्वास ऐकू आला, ती बसली आहे एवढं कळत होतं.

"घाबरली असेल ती," मी म्हटलं. "चेहरा दिसत नाही ना माझा. घरी नीट म्हणते. हे ऐका." मी फोन काढून अनुपनं केलेलं रेकॉर्डिंग लावलं. मॅडमनी ते ऐकलं, आणि मग कपाटातून हेडफोन काढून माझ्या कानांवर लावले. "फक्त तुमचा आवाज ऐका, ताई. 'वार्म' कुठं संपतं ते."

पेटी मोठ्यानं वाजत होती. तिच्याखाली माझा आवाज. 'वार्म' वर गेलं, थोडं थांबलं, आणि मग हलकेच, कोणाच्या लक्षात येऊ नये असं, ते विरलं. आणि माझ्याच आवाजात आलं, 'दास'. त्याच्या पाठोपाठ, केसाएवढ्या अंतरानं, माय, 'दास वासर काल्ट'. वासर मी आधी. काल्ट मी आधी. मी तिला उचल देत होते. प्रत्येक वेळी. आणि तिनं जन्मभर मला जे शिकवलं ते मी इतकं छान शिकले होते, की मलाही ते समजलं नव्हतं. माय माझी झील धरत होती.

"तुम्ही मुद्दाम केलं नाही," रश्मी मॅडम म्हणाल्या. "मला माहीत आहे. पण त्यांच्याकडून काही निघत नाही, ताई. त्या खूप चांगलं ऐकतात. तेवढंच." त्यांनी टेबलावर कार्डं मांडली. ग्लास. ताट. संडास. पंखा. रडका चेहरा. हसरा चेहरा. "हे शिकवा. अकोल्यालाही करता येईल. त्यासाठी इथं थांबायला नको."

मायनं माझा चेहरा पाहिला. तिला सगळं समजलं असणार, कारण तिनं एकदम तिचं जुनं गाणं सुरू केलं. खड्या आवाजात, सगळ्या शब्दांनिशी, माझी समजूत काढायला. बाहेर बसलेल्या बाया आत डोकावल्या. "अगंबाई, किती स्पष्ट बोलतात! बऱ्याच झाल्या वाटतं!" एक जण म्हणाली. मी मायला धरून बाहेर आणलं, तेव्हा ती दुसऱ्या कडव्यावर होती.

जयवंताबाईंना सांगायला गेले तर त्या कितीतरी वेळ पेटीचा भाता उघडझाप करत बसल्या. "मी पेटी जोरात वाजवत होती," शेवटी म्हणाल्या. "माह्या कानाले ऐकू यावं म्हणून." मग म्हणाल्या, "चहा घेशीन?" मी नको म्हटलं. त्यांनी पुस्तक पुढं केलं, घेऊन जा. मी तेही नको म्हटलं.

पुढच्या आठवड्यात आम्ही मायला बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला नेलं. सम्यकानं खिडकीची जागा आजीला दिली. मूर्तिजापूरला चणे घेतले. दादा स्टेशनवर आला होता. त्यानं आधीच कार्डांसाठी पलंगाजवळ भिंतीवर दोरी बांधून ठेवली होती, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांसकट. वहिनीनं कार्डं रांगेत लावली. मायनं एकेकाकडे पाहिलं आणि ग्लासवर बोट ठेवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीनं पाणी आणलं. माय ते प्यायली. खरंच तहान लागली होती, का आम्ही उभे होतो म्हणून, कोण सांगणार.

"नाही बोलली तर नाही," दादा म्हणाला. "माणूस तर हाय ना घरात. तू जास्त मनाले लावून घेऊ नको, पायल. तुह्यापेक्षा जास्त कोणी केलं नसतं."

"हाव," मी म्हटलं. त्याच्यावर तेवढाच शब्द येत होता.

निघायच्या आधी दादा ऑटो बघायला गेला, वहिनी आमच्यासाठी डबा बांधत होती. मी मायच्या समोर बसले. मला माहीत होतं काय होणार ते. तरी मी तिचा चांगला हात हातात घेतला, आणि शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हटलं, 'दास ब्रोट इस्ट वार्म'. आणि 'वार्म' धरलं.

या वेळी मी सोडलं नाही. ओठांत 'दास' येऊन बसला होता, दारात उभ्या माणसासारखा. मी त्याला आत येऊ दिलं नाही. माय माझ्या तोंडाकडे बघत होती. चेहऱ्यावर तिची ती सगळी माया. तिला वाटत होतं, आता ही सांगेल, आता ही सांगेल. सूर पातळ झाला. माझ्या डोळ्यांपुढे काळं यायला लागलं. ती बघतच होती, पाहुण्यानं बोलणं पूर्ण करायची वाट बघावी तशी, शांत, ओठ जरासे उघडे. मग माझा श्वास संपला आणि खोलीत काहीच उरलं नाही.

मायनं माझा गाल थोपटला. "हाव," ती म्हणाली.

सम्यका दारात तिची सँडल हातात घेऊन उभी होती. कधीपासून, मला माहीत नाही. ती आली, पलंगाच्या कडेला टेकली, आजीच्या तोंडाकडे खूप जवळून पाहिलं, जसं कुलपाच्या भोकातून आत पाहतात. मग माझ्याकडे वळली.

"मम्मी, आजीच्या मनातल्या मनात तरी बोलणं होत असन का? का तिथंबी असंच हाय?"